पहिले दहा दिवस कोणाच्या खिशातून?

करी रोड स्टेशनात उतरून पश्चिमेला निघाले की थोड्याच वेळात डिलाइल रोड लागतो. कागदोपत्री त्याचे नाव ना. म. जोशी मार्ग. कर्जत लोकलने रोज मुंबई गाठणाऱ्या आमच्या कळंब-नेरळकडच्या माणसांनी हे नाव दुकानांच्या पाट्यांवर आणि बीडीडी चाळींच्या बातम्यांत शेकडो वेळा वाचलेले असते. पण हे ना. म. जोशी कोण, असे विचारले तर बहुतेकजण एखाद्या जुन्या नगरसेवकाचा अंदाज बांधतात. हा माणूस आपल्याच जिल्ह्यातला, आणि कारखान्यातल्या कामगाराला दवाखान्याच्या खिडकीवर पैसे न मोजता औषध मिळते त्यामागे त्याची पाव शतकाची खटपट आहे, हे सांगितले तर ऐकणाऱ्याला नवल वाटते.

ना. मं.ची आठवण आत्ताच काढण्याला कारण आहे. अलीकडे आमच्या गावातही म्हाताऱ्या माणसांच्या आरोग्य विम्याच्या गोष्टी चालतात. मुलगा पुण्याला किंवा ठाण्याला नोकरीला असतो, तो आईवडिलांची पॉलिसी काढतो, आणि कागद वाचताना एका शब्दाशी अडखळतो. तो शब्द म्हणजे डिडक्टिबल. त्याचा अर्थ साधा आहे. खर्चातली पहिली ठरावीक रक्कम तुमची; ती ओलांडली की मग कंपनीची जबाबदारी सुरू. विमा कंपन्या याचे समर्थन असे करतात की, किरकोळ दावे त्यामुळे येत नाहीत, माणूस उगाच खर्च करीत नाही आणि हप्ता कमी ठेवता येतो. मोटारीच्या विम्याला हे पटण्यासारखे आहे. गाडीला ओरखडा उठला तर त्यासाठी कोणी कंपनीचे दार ठोठावू नये. पण सत्तरीतल्या बाईची रक्तदाबाची रोजची गोळी हा काही ओरखडा नव्हे.

अमेरिकेत हा प्रश्न थेट औषधांपुरता उभा राहिला. तिथे पासष्टीच्या पुढच्यांसाठी आणि दीर्घकाळ अपंगत्व आलेल्यांसाठी मेडिकेअर ही सरकारी योजना आहे. तिच्यात बाहेरून घ्यायच्या औषधांचा विमा २००३ च्या कायद्याने आला आणि २००६ मध्ये सुरू झाला. पहिल्या वर्षी रुग्णाने आधी स्वतः भरायची प्रमाण रक्कम २५० डॉलर होती. २०२५ मध्ये तिची कमाल मर्यादा ५९० डॉलरवर गेली होती. त्याच वर्षापासून रुग्णाच्या खिशातून औषधांवर जाणाऱ्या एकूण खर्चाला २,००० डॉलरची वरची मर्यादा लागू झाली, हा मोठाच दिलासा. पण पहिल्या रकमेची अट राहिलीच, आणि ती दर जानेवारीला नव्याने सुरू होते. मधुमेह मात्र डिसेंबरअखेर संपत नाही. त्यामुळे ज्यांच्या योजनेत ही अट आहे त्यांना वर्षाचा पहिला महिना सगळ्यात महाग जातो.

पहिला वाटा कोणाचा, हा वाद अमेरिकेत जन्मलेला नाही. आपल्याकडे तो शंभर वर्षांपूर्वी, दिल्लीच्या कायदेमंडळात, अगदी दुसऱ्या नावाने आला होता. तेव्हा गणित डॉलरचे नव्हते, दिवसांचे होते. त्या वेळी कामगारांचा प्रतिनिधी म्हणून तिथे बसलेला माणूस म्हणजे नारायण मल्हार जोशी.

त्यांचा जन्म ५ जून १८७९ चा, गोरेगावचा. हे मुंबईचे गोरेगाव नव्हे, माणगाव तालुक्यातले. तेव्हा जिल्हा कुलाबा होता. रायगड हे नाव १९८१ मध्ये आले. शिक्षण पुण्याला झाले, १९०१ च्या सुमारास डेक्कन कॉलेजातून पदवी मिळाली, मग काही वर्षे त्यांनी शिक्षकी केली. कोकणातल्या ब्राह्मण घरातला पदवीधर मास्तर पुढे हेडमास्तर व्हायचा आणि पेन्शनीत निघायचा, हा त्या काळचा सरळ मार्ग. ना. मं.नी १९०९ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या भारत सेवक समाजात प्रवेश केला आणि तो मार्ग सोडला. गोखल्यांच्या संस्थेत भाषणबाजीपेक्षा अभ्यासाला, आकड्यांना आणि चिकाटीला मान होता. ना. मं.च्या स्वभावाला ते मानवले. पुढच्या आयुष्यात त्यांच्यावर जी टीका झाली तीही नेमकी याच गुणांसाठी झाली.

१९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग निघाली. ना. म. तिचा कणा होते. गिरणगावात रात्रशाळा, मोफत वाचनालये, दवाखाने, सहकारी पतपेढ्या अशी तिची कामे. त्या चाळींत ना. मं.नी काय पाहिले असेल, याची कल्पना करायला फार प्रतिभा लागत नाही. कोकणातून आलेला गडी तापाने आठवडाभर पडला की पगार बंद. पगार बंद झाला की वाण्याची उधारी, आणि त्यावर पठाणाचे व्याज. आजारापेक्षा आजाराचे पहिले आठ दिवसच माणसाला कर्जात घालीत. दानधर्माने भागणारी ही गोष्ट नाही, त्यासाठी कायदा हवा, या निष्कर्षाला ते लीगच्याच कामातून आले असावेत असे मला वाटते. कारण पुढच्या दहा वर्षांत त्यांचा मुक्काम चाळीतून कायदेमंडळात हलला.

१९१९ मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. भारतातून कामगारांचे प्रतिनिधी म्हणून सरकारने ना. मं.ना पाठवले. देशातल्या प्रातिनिधिक कामगार संघटनेच्या संमतीने असा प्रतिनिधी निवडायचा असा नियम होता, आणि आपल्याकडे तशी देशव्यापी संघटनाच नव्हती. ती उणीव ३१ ऑक्टोबर १९२० ला मुंबईत भरून निघाली. लाला लजपतराय अध्यक्ष झाले आणि अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस, म्हणजे आयटक, उभी राहिली. ना. म. तिच्या संस्थापकांत होते आणि पुढे दोन वेगवेगळ्या कालखंडांत तिचे सरचिटणीस. १९२१ पासून मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांच्या बाजूचे नेमलेले सभासद म्हणून ते गेले. नेमलेले, म्हणजे निवडून आलेले नव्हेत. गिरणी कामगाराला मत होतेच कुठे? कामगार संघांना कायद्याचे संरक्षण मिळावे असा ठराव त्यांनी १९२१ मध्येच मांडला, आणि १९२६ मध्ये ट्रेड युनियन कायदा झाला. कामगार बायकांना बाळंतपणात भत्ता मिळावा म्हणून त्यांनी १९२४ मध्ये विधेयक आणले. ते फेटाळले गेले. मुंबई इलाख्यात असा कायदा १९२९ मध्ये झाला.

पण आपल्या विषयासाठी महत्त्वाचा तो १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा. यंत्रात हात सापडला, पट्ट्यात पाय गेला, तर मालकाने भरपाई द्यायची, ही गोष्ट भारतात प्रथमच कायद्यात आली. तात्पुरत्या अपंगत्वासाठी साधारण निम्म्या पगाराच्या हिशेबाने, ठरावीक कमाल रकमेपर्यंत, पैसे मिळणार होते. मात्र त्यात एक अट होती. पहिले दहा दिवस धरायचे नाहीत. दहा दिवसांत माणूस कामावर परतला तर काहीच नाही, आणि नंतर परतला तरी भरपाई मोजायची ती दहा दिवस सोडून. समर्थनही ओळखीचेच. किरकोळ खरचटण्यासाठी दावे येतील, माणसे दुखण्याचे ढोंग करतील, हिशेब वाढतील. आजच्या विमापत्रातले डिडक्टिबल आणि त्या कायद्यातले दहा दिवस यांत मला नावापलीकडे काही फरक दिसत नाही. पहिला घाव ज्याचा त्याने सोसायचा.

हे दहा दिवस कमी कसे झाले, ही कथा सावकाशीची आहे. १९२९ मध्ये सरकारने व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली कामगारविषयक रॉयल कमिशन नेमले. ना. मं.नी त्यावर सभासद म्हणून बसायचे मान्य केले, आणि आयटकमध्ये वादळ उठले. सायमन कमिशनवरचा राग ताजा होता. त्या वर्षीच्या नागपूर अधिवेशनात, जवाहरलाल नेहरू अध्यक्ष असताना, बहिष्काराच्या बाजूने कौल पडला. ना. म. आणि त्यांच्या बाजूचे लोक बाहेर पडले आणि त्यांनी वेगळा महासंघ काढला. स्वतः घडवलेल्या संघटनेतून माणसाला असे बाहेर पडावे लागले. डाव्यांनी त्यांना सरकारधार्जिणे ठरवले. आज मागे वळून पाहताना बहिष्कार घालणाऱ्यांचा अभिमान मला समजतो. पण कमिशनच्या १९३१ च्या अहवालानंतर, १९३३ च्या दुरुस्तीत दहा दिवसांचे सात झाले. ते तीन दिवस खाटेवर पडलेल्या कामगाराच्या बायकोने कोणत्या खात्यात जमा धरले असते? सरकारच्या कमिशनवर बसल्याची लाज तिला वाटली असेल असे मला वाटत नाही.

सातांचे तीन व्हायला १९५९ उजाडले. ना. म. तेव्हा हयात नव्हते. त्या दुरुस्तीत आणखी एक गोष्ट आली, आणि मला ती फार शहाणपणाची वाटते. अपंगत्व अठ्ठावीस दिवस किंवा जास्त टिकले, तर मधले तीन दिवसही वगळायचे नाहीत. भरपाई थेट अपघाताच्या दिवसापासून द्यायची. म्हणजे दुखणे लांबले की कामगाराचा पहिला वाटा माफ. आजच्या औषध विम्यात नेमके उलटे चालते. ज्याचे दुखणे जन्माचे, त्याने तो पहिला वाटा दर वर्षी नव्याने भरायचा.

अपघाताचे हे झाले. आजारपणाचे काय? १९२७ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने कारखान्यांतल्या कामगारांच्या आजारपणाच्या विम्याचा करार संमत केला. १९२८ मध्ये तो आपल्या कायदेमंडळापुढे आला आणि भारताने तो स्वीकारला नाही. व्हिटली कमिशनने विषय टाकून दिला नाही. आधी आजारपणाची आकडेवारी जमवा, असे सुचवले. आकडेवारी जमवायची म्हणजे आपल्याकडे काय, हे वाचकांना सांगायला नको. पुढे दहा वर्षे गेली. दरम्यान दुभंगलेली आयटक पुन्हा जुळली आणि १९४० मध्ये ना. म. तिचे सरचिटणीस झाले. महायुद्ध पेटलेले, कारखान्यांना माणसे हवी होती, आणि १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले. सरकार, मालक आणि कामगार अशा तिघांच्या परिषदा भरू लागल्या. तिथे कामगारांच्या बाजूला बसणाऱ्यांत ना. म. होते. १९४३ मध्ये बी. पी. आडारकर या अर्थतज्ज्ञांकडे आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम दिले गेले आणि १५ ऑगस्ट १९४४ ला त्यांचा अहवाल तयार झाला. त्यातूनच १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा, म्हणजे आपण ज्याला ईएसआय म्हणतो तो. एका बाजूला आंबेडकर, एका बाजूला आडारकर, आणि वीस वर्षे हा विषय मरू न देणारे ना. म.; कामगाराच्या औषधाच्या बाटलीमागे महाराष्ट्राचे एवढे हात आहेत.

त्या कायद्याची रचना आज पुन्हा वाचण्यासारखी आहे. वर्गणी पगाराच्या प्रमाणात, आजारी पडण्याआधीच कापलेली, आणि मालकाचा वाटा कामगाराच्या वाट्याहून मोठा. ज्याची रोजची सरासरी मजुरी एक रुपयाच्या आत, त्याने स्वतःची वर्गणी द्यायचीच नाही. मालकाची तेवढी जमा व्हायची. औषध मात्र त्याला इतरांसारखेच. दवाखान्याच्या खिडकीवर पैसे मागायचे नाहीत, आणि नोकरी लागल्या दिवसापासून उपचार सुरू. २०१९ च्या जुलैपासूनचे दर मालकाचे सव्वातीन टक्के आणि कामगाराचे पाऊण टक्का असे आहेत. पहिल्या वाट्याची कल्पना ईएसआयने अगदीच टाकली नाही; आजारपणाच्या भत्त्यात सुरुवातीचे दोन दिवस वगळण्याचा नियम तिथेही आहे. पण तो बुडालेल्या पगाराच्या बाबतीत. औषधाला तो लावलेला नाही. पगाराचे दोन दिवस माणूस उसनवारीवर काढील, गोळीचे दोन दिवस काढू नयेत, हा भेद ज्यांनी केला त्यांना आजारी माणूस जवळून माहीत होता.

योजना २४ फेब्रुवारी १९५२ ला कानपूर आणि दिल्लीत सुरू झाली, १९५४ मध्ये मुंबईला पोचली. ३० मे १९५५ ला ना. म. गेले. म्हणजे परळच्या कामगाराच्या हाती विम्याचे कार्ड पडलेले त्यांनी पाहिले. त्या वेळी कार्ड एकट्या कामगाराचे होते. बायकामुलांना उपचार देण्याची सुरुवात १९५८ ची. आणि म्हातारपण तर त्या मूळ कायद्यात नव्हतेच. माणूस कारखान्यातून निवृत्त झाला की, म्हणजे नेमकी औषधे लागायची वेळ आली की, कार्ड निकामी व्हायचे. ही चूक सुधारायला १९८९ ची दुरुस्ती यावी लागली. किमान पाच वर्षे विम्याखाली नोकरी करून निवृत्त झालेल्या कामगाराला, आणि कामावरच्या इजेने कायमचे अपंगत्व येऊन नोकरी सुटलेल्यालाही, जोडीदारासह उपचार मिळण्याचा रस्ता त्यातून झाला. त्यासाठी महिना दहा रुपये, म्हणजे वर्षाला १२० रुपये आगाऊ भरायचे. अमेरिकेतली पहिल्या वाट्याची रक्कम समोर ठेवून हा आकडा पुन्हा वाचावा.

आता आमच्या गावाकडे येतो. कळंब नेरळपासून दहा-बारा किलोमीटर आत. आजूबाजूला ठाकर आणि कातकऱ्यांच्या वाड्या. नोकरदार माणूस अंबरनाथ, बदलापूर, खोपोलीच्या कारखान्यांत किंवा थेट मुंबईत. अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झालेला एक शेजारी हे १२० रुपयांचे कार्ड जपून वापरतो. साखरेच्या गोळ्यांसाठी तो आधी नेरळपर्यंत टमटमने जातो, मग लोकलने उल्हासनगरच्या बाजूला, मग रांग, आणि परत. गुडघे दुखतात म्हणून सून सोबत जाते. तिचा त्या दिवसाचा रोज बुडतो. गोळ्या फुकट मिळतात हे खरे. पण प्रवासाचे भाडे आणि बुडालेला रोज हा त्याचा पहिला वाटाच आहे. फक्त तो कोणत्या कागदावर छापलेला नाही. पावसाळ्यात हा वाटा वाढतो, आणि दोन पावसाळ्यांपूर्वी एकदा त्याने महिनाभर गोळ्याच आणल्या नाहीत. साखर किती चढली ते नंतर कळले.

ज्यांच्याकडे कार्डच नाही त्यांचे वेगळे. ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून उपचार मोफत झाले, ही चांगली गोष्ट झाली. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, आयुष्मान भारतखाली वर्षाला पाच लाखांचे संरक्षण देण्याची घोषणा अमलात आली ती ऑक्टोबर २०२४ मध्ये. पण ते संरक्षण रुग्णालयात दाखल होण्याचे. खासगी विम्यातही, सहसा, दाखल होण्याच्या आधीचा महिना आणि नंतरचे दोनेक महिने सोडले तर घरी चालणाऱ्या गोळ्यांना जागा नसते. झटका येऊन माणूस दाखल झाला तर लाखांचे बिल भागेल. झटका येऊ नये म्हणून रोज घ्यायची गोळी ज्याची त्याने घ्यावी. अमेरिकेतल्या म्हाताऱ्याने निदान ५९० डॉलर मोजले की पुढे विमा सुरू व्हायचा. इथे बाहेरून घेतलेल्या गोळीचा अख्खा खर्चच पहिल्या वाट्यात जातो. अपंग मुलांच्या बाबतीत एक अपवाद सांगितला पाहिजे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व किंवा बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची निरामय योजना आहे. तिच्या एक लाखाच्या संरक्षणात दाखल न होता घ्यायच्या औषधांनाही मर्यादित रकमेपुरती जागा आहे. आमच्या भागात ती किती घरांना ठाऊक आहे? मी ज्या तीन घरांत विचारले, तिथे एकालाही नाही.

खोपोलीच्या पट्ट्यात कंत्राटी कामगार वाढले आहेत. कंत्राटदार बदलतो, मधले दोन-चार महिने कोरडे जातात, कागदावर एकाच माणसाचे दोन क्रमांक होतात. पगारातून पाऊण टक्का कापला जातो, पण निवृत्तीनंतर पाच वर्षांची सलग नोंद दाखवा म्हटले की हा माणूस प्लास्टिकच्या पिशवीतले फाटके कागद टेबलावर पसरतो. त्यांतल्या काहींचे अर्ज मी लिहून दिले आहेत. तिशीतल्या पोरांना मी सांगतो की, प्रत्येक नोकरीत आधीचाच विमा क्रमांक पुढे चालवा, नवा घेऊ नका, आणि सोडताना दाखला मागून घ्या. पोरे मान डोलावतात. त्यांना साठी फार लांब दिसते.

ना. म. हे असले कागद जमवण्यात हयात घालवलेले गृहस्थ होते. त्यांच्या नावावर गाजलेली घोषणा नाही की तुरुंगातली आठवण नाही. समित्यांची इतिवृत्ते आणि विधेयकांतल्या दुरुस्त्या आहेत. त्यांच्या गावी, माणगावच्या गोरेगावात, मी गेल्या वर्षी गेलो होतो. बाजारपेठेत एका औषधाच्या दुकानात म्हातारी माणसे चिठ्ठ्या घेऊन उभी होती. एका बाईने महिन्याच्या गोळ्यांची किंमत विचारली, ऐकली, आणि दहा दिवसांच्याच द्या म्हणाली. दुकानदाराने कात्रीने पट्टी कापून दिली.